दराचं पाकीट उघडण्याआधी

२४५.३ किलो आणि २३३ किलो. दोन्ही वजनं एकाच मापाच्या पत्र्याची आहेत: १२५० मिलिमीटर रुंद, २५०० मिलिमीटर लांब, बिलावर जाडी १० मिलिमीटर. पोलादाचा हिशेब सोपा असतो. एक चौरस मीटर पत्र्याला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो. पत्रा खरोखर १० मिलिमीटरचा असेल तर काट्यावर २४५.३ किलो भरतो. व्हर्नियर लावल्यावर तो ९.५ निघाला, तर २३३. फरक १२.३ किलोंचा, म्हणजे ५ टक्क्यांचा.

मुंबईच्या घोडपदेवात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रे रोड स्टेशनच्या पलीकडे दारूखाना आहे. एकेकाळी तिथे जहाजं तोडली जात आणि पोलादाचा, भंगाराचा व्यापार आजही तिथे चालतो. स्टेशनच्या अलीकडे गाळ्यागाळ्यांतून कापणं, वाकवणं, वेल्डिंग. दक्षिणेला माझगाव गोदी. पश्चिमेला भायखळ्यात ना. म. जोशी मार्गावर महापालिकेचं मध्यवर्ती खरेदी खातं. एका छोट्या कारखानदाराला चालत जाण्याच्या अंतरात तीन जातींचे खरेदीदार भेटतात: रोखठोक खासगी, संरक्षण खात्याचा सार्वजनिक उपक्रम आणि पालिका. तिघेही पुरवठादार निवडतात आणि तिघेही म्हणतात की आम्ही दर बघतो. आकडे मांडून पाहिलं की दिसतं, दर बघायच्या आधीच बरीचशी निवड उरकलेली असते.

पत्र्याचाच हिशेब पुढे नेऊ. दर उदाहरणापुरते धरलेले आहेत. एक व्यापारी किलोला ६० रुपये सांगतो, वजन काट्यावरचं. दुसरा ५८.५० सांगतो, वजन मात्र तक्त्यातलं, म्हणजे जाडी पूर्ण १० धरून काढलेलं. कोटेशनवर दुसरा अडीच टक्के स्वस्त. त्याचा पत्रा ९.५ चा निघाला, तर तो २४५.३ किलोंचे १४,३५१ रुपये लावतो आणि माल देतो २३३ किलो. किलोला पडले ६१.५८. अडीच टक्के स्वस्त वाटलेला माल प्रत्यक्षात अडीच टक्क्यांहून जास्त महाग पडला. शिवाय सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनात बदलतो. ०.९५ चा घन ०.८५७, म्हणजे जाडी ५ टक्क्यांनी कमी आणि ताठपणा १४ टक्क्यांनी.

यात दुसऱ्या व्यापाऱ्याने फसवलं असं म्हणता येईलच असं नाही. जाडीत थोडी कमी-जास्त होण्याची सूट मानकांतच असते. वजन कोणतं धरायचं आणि सूट किती चालवून घ्यायची, हे खरेदीच्या ऑर्डरवर (पी.ओ.) लिहिलेलं नसेल तर ते पुरवठादार ठरवतो. टेस्ट सर्टिफिकेटचंही (टी.सी.) तसंच. आयएस २०६२, ई २५० प्रतीच्या पत्र्याची टी.सी. मागितली की कागद मिळतो. त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या खेपेचा क्रमांक) पत्र्यावर मारलेल्या हीट नंबरशी जुळतो का, हे पाहायला मात्र कुणाला तरी गोदामात वाकावं लागतं. एकाच टी.सी.ची झेरॉक्स किती लॉटांबरोबर फिरते, हे बाजाराला चांगलं ठाऊक असतं. ई २५० मधला २५० हा आकडा पोलादाच्या किमान यील्ड ताकदीचा, मेगापास्कलमध्ये. जहाजाच्या जुन्या पत्र्यावरून री-रोल केलेला मालही तेवढी ताकद दाखवू शकतो किंवा दाखवत नाही. डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तर कागद.

करांचा आकडा आणखी निर्दय आहे. पोलादावर जीएसटी १८ टक्के. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलं आणि ते खरेदीदाराच्या २-बी या विवरणात उतरलं, तरच त्याला त्या कराचं क्रेडिट. वर्षाला ६० लाखांचा माल घेणाऱ्याचं १० लाख ८० हजारांचं क्रेडिट पुरवठादाराच्या शिस्तीवर टांगलेलं असतं. अडीच टक्के स्वस्त व्यापाऱ्याने वाचवले दीड लाख. त्याने दोन महिन्यांची बिलं दाखवली नाहीत, तर अडकतात एक लाख ऐंशी हजार. भंगाराच्या धंद्यात १० ऑक्टोबर २०२४ पासून यात भर पडली: नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर कर खरेदीदारानेच भरायचा. दारूखान्यात पुरवठादार निवडताना सी.ए.ला फोन जातो तो यासाठी.

आता वेळेचा आकडा. कामाला दहा वस्तू दहा ठिकाणांहून यायच्या आहेत आणि प्रत्येक पुरवठादार शंभरातल्या ९५ वेळा वेळेवर देतो. ऐकायला उत्तम. दहाही वस्तू एकाच वेळी हजर असण्याची शक्यता मात्र ०.९५ चा दहावा घात, म्हणजे ६० टक्के. वीस वस्तू असतील तर ३६ टक्के. प्रत्येकाला ९८ वर नेलं तर वीस वस्तूंसाठी ६७. (यात सगळ्यांचे उशीर एकमेकांशी असंबद्ध धरले आहेत. जुलैत रुळांवर पाणी साचलं की ते गृहीतक संपतं, कारण सगळेच एकत्र उशीर करतात.) खरेदी अधिकारी पुरवठादाराला एकेकटा तपासतो, कारखाना त्यांना एकत्र भोगतो. म्हणून वस्तूंची संख्या जास्त असलेल्या कामात ९५ आणि ९८ यांतल्या तीन टक्क्यांची किंमत दरातल्या तीन टक्क्यांपेक्षा पुष्कळ मोठी असते. गुणपत्रिकेत मात्र दोन्ही सारखेच तीन दिसतात.

गुणपत्रिका म्हणजे निकष ठरवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, गुण द्यायचे आणि बेरीज करायची. मोठ्या कंपन्यांत हे वर्षातून एकदा तरी होतं. समजा तीन पुरवठादार आहेत. पहिल्याचा दर १००, दुसऱ्याचा १०८, तिसऱ्याचा ११५. सर्वांत कमी दराला १०० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात: १००, ९२.६, ८७. दर्जाचे गुण अनुक्रमे ७०, ८५, ९५. वेळेचे ६५, ९०, ८५.

दराला ८०, दर्जाला १० आणि वेळेला १० टक्के वजन दिलं, तर बेरीज येते ९३.५, ९१.६ आणि ८७.६. पहिला जिंकला. ५०, २५, २५ वजन दिलं तर ८३.८, ९०.० आणि ८८.५. दुसरा जिंकला. ३०, ५०, २० दिलं तर ७८, ८८.३ आणि ९०.६. तिसरा. पुरवठादार तेच, दर तेच, गुणही तेच. बदलली ती फक्त वजनं, आणि प्रत्येक वेळी ऑर्डर वेगळ्या दारी गेली. वजनं कोटेशन यायच्या आधी कागदावर उतरली असतील तर या पद्धतीला अर्थ आहे. नंतर उतरली असतील, तर ज्याला ऑर्डर द्यायचीच होती त्याला दशांश चिन्हासकट पाठिंबा मिळतो. गुणपत्रिका मागताना मी म्हणून आधी तिची तारीख मागेन.

अभ्यासकांनी वजनांचा हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. १९६६ मध्ये डिक्सन याने अमेरिका-कॅनडातल्या खरेदी व्यवस्थापकांना २३ निकषांचं महत्त्व विचारलं. पहिला आला दर्जा, दुसरी वेळेवर पोहोच, तिसरा पूर्वीच्या कामगिरीचा इतिहास. दर सहावा. १९९१ मध्ये वेबर आणि सहकाऱ्यांनी पुढच्या काळातले ७४ शोधनिबंध चाळले, तर सर्वाधिक निबंधांत चर्चा दराची होती. लोक म्हणतात एक आणि हिशेब करतात दुसऱ्याचा, असा मी याचा अर्थ लावतो. याच दरम्यान थॉमस साटी यांची जोडीजोडीने तुलना करून वजनं काढण्याची रीत आली, आणि तिचे अनेक अवतार अजून येत आहेत. गणित सुधारलं, पण वजन देणारा माणूस तोच राहिला.

सरकारी खरेदीत या माणसाचे हात बांधलेले असतात, आणि ते योग्यच आहे, कारण पैसा त्याचा नसतो. पालिकेच्या निविदेत तीन पाकिटं असतात. ए मध्ये बयाणा रक्कम आणि कागदपत्रं, बी मध्ये तांत्रिक बाजू, सी मध्ये दर. ए आणि बी तून जो पार पडतो, त्याचंच सी उघडतं. उघडलेल्यांत सर्वांत कमी तो एल-वन. वर्तमानपत्रांत बातमी सी पाकिटाची येते. खरा निर्णय ए आणि बी मध्ये काय मागितलं आहे, यात असतो. बयाणा रक्कम केंद्राच्या खरेदीत २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के. ४० लाखांच्या कामाला ८० हजार ते २ लाख रुपये निकाल लागेपर्यंत अडकून पडणार. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना यातून सूट आहे. पण मागच्या तीन वर्षांत अमुक इतक्या रकमेचं असंच काम केलेलं असावं, अशी एक ओळ आली की घोडपदेवातले अर्धे गाळे दर काढायच्या आधीच घरी. ती अट कधी गरजेची असते, कधी सवयीची असते आणि कधी कुणाच्या तरी मापाने शिवलेली असते. तिन्ही ओळी कागदावर सारख्याच दिसतात.

एल-वनच्या हट्टाला केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये थोडी वाट करून दिली. बांधकामांसाठी, आणि सल्लागारी वगळून इतर सेवांसाठीही, दर्जा आणि दर यांचे एकत्र गुण देता येतील, पण दर्जाचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के. ३० म्हणजे नेमके किती रुपये, हे काढून पाहण्यासारखं आहे. दर्जात एकाला १०० आणि दुसऱ्याला ७० गुण असतील, तर ३० टक्के वजनाने फरक पडतो ९ गुणांचा. दराच्या ७० गुणांत ते ९ भरून काढायचे, तर चांगल्या पुरवठादाराला ११४.७५ पर्यंत दर लावता येतो, समोरच्याचा १०० असताना. म्हणजे उत्कृष्ट आणि जेमतेम यांतला फरक सरकार जास्तीत जास्त पावणेपंधरा टक्क्यांना विकत घेईल. पूल किंवा लिफ्ट असेल तर हे कमी वाटतं. झाडलोट असेल तर पुष्कळ झालं.

अटीत निवड कशी होते, याचं मुंबईतलं ठळक उदाहरण बेस्टच्या विजेवरच्या बसगाड्यांचं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेस्टने १,४०० एकमजली वातानुकूलित बसची निविदा काढली, प्रतिकिलोमीटर भाडेकराराने. त्यात एक तांत्रिक अट होती: प्रत्यक्ष रस्त्यावर, ८० टक्के बॅटरी वापरून, एका चार्जमध्ये, मध्ये न थांबता २०० किलोमीटर. टाटा मोटर्स या अटीवर बाद ठरली आणि एव्ही ट्रान्स पात्र. काम २,१०० बसपर्यंत वाढलं. बस पुरवणाऱ्या ऑलेक्ट्राने मे २०२२ मध्ये जाहीर केलेला आकडा होता ३,६७५ कोटी रुपये, मुदत १२ वर्षं. टाटा उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने टाटाला बाद करणं योग्य मानलं, पण एव्हीची निवडही रद्द केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एव्हीची निवड कायम ठेवली.

दोन न्यायालयांत मिळून वर्षभर झगडा झाला, आणि दर हा त्याचा विषयच नव्हता. सगळा वाद २०० या आकड्याभोवती आणि तो कसा सिद्ध करायचा, कोणता कागद केव्हा द्यायचा याभोवती. अट चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. वडाळ्याहून सुटलेली बस दुपारी चार्जिंगला उभी राहिली तर त्या मार्गावर दुसरी लागते, हे गणित बेस्टला कुणी शिकवायची गरज नाही. पण १२ महिन्यांत सगळ्या बस देण्याचं जे ठरलं होतं, ते वेळेत झालं नाही. एका चार्जमधले किलोमीटर काटेकोर मोजले गेले. महिन्याला किती बस बनवून देण्याची ताकद आहे, हा आकडाही तितकाच काटेकोर मोजायला हवा होता. डिक्सनच्या यादीत उत्पादनक्षमता पाचवी आहे, दराच्या एक घर वर.

माझगाव गोदीचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. तिथे बांधलेल्या विनाशिकांच्या तीन पिढ्यांत स्वदेशी सामग्रीचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ५९ आणि पुढे ७२ टक्क्यांवर गेलं. पहिली पिढी दिल्ली वर्गाची, दुसरी कोलकाता वर्गाची, तिसरी विशाखापट्टणम वर्गाची. तिसरीतली शेवटची आयएनएस सूरत १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. हे ३० टक्के अंक बाजारातून निवडून मिळालेले नाहीत, पुरवठादार घडवून मिळाले आहेत. जहाजाचा पत्राच घ्या. डीएमआर २४९-ए हे पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेने विकसित केलं आणि सरकारी पोलाद कंपनी सेलने बनवलं. कोचीला बांधलेल्या विक्रांतसाठी सेलने असं सुमारे ३०,००० टन पोलाद पुरवलं. जो पुरवठादार अस्तित्वातच नाही, त्याला गुणपत्रिकेत कसे गुण देणार?

आणि ७२ हा आकडाही पूर्ण सत्य सांगत नाही. उरलेल्या २८ टक्क्यांत काय आहे, ते पाहावं लागतं. या विनाशिका चालतात युक्रेनमधल्या झोर्या-माशप्रोएक्ट या कारखान्याच्या गॅस टर्बाइनवर, एका जहाजाला चार. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो कारखाना ज्या मिकोलाइव्ह शहरात आहे, तिथवर युद्ध पोहोचलं. पीटर क्रालिच याने १९८३ मध्ये खरेदीच्या वस्तू दोन प्रश्नांवर वाटायला सांगितल्या होत्या: पैसा किती गुंततो आणि पुरवठा थांबला तर काय होतं. हातमोजे आणि टर्बाइन एकाच पद्धतीने निवडू नयेत, एवढंच त्याचं म्हणणं. टक्केवारीच्या बेरजेत मात्र दोन्ही रुपयांतच मोजले जातात.

याहून बोचरं उदाहरण कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचं आहे. पाणबुड्या गोदीने बांधल्या. त्यांच्या टॉर्पेडोंची खरेदी मात्र संरक्षण खात्याची. त्यासाठी इटलीच्या डब्ल्यूएएसएस कंपनीचे ९८ ब्लॅक शार्क टॉर्पेडो निवडले गेले होते. ती फिनमेकानिका समूहातली कंपनी, आणि ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरचं प्रकरण उद्भवलं ते त्याच समूहात. खरेदी बारगळली. १४ डिसेंबर २०१७ रोजी पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, नौदलात आली ती या नव्या टॉर्पेडोंविना. जुन्या टॉर्पेडोंवर भागवावं लागलं. ३० डिसेंबर २०२४ रोजी सुमारे ८७७ कोटींचा करार झाला, डीआरडीओ विकसित करत असलेला जड टॉर्पेडो या पाणबुड्यांवर बसवण्यासाठी. पुरवठादाराला काळ्या यादीत टाकणं नैतिकदृष्ट्या बरोबर असू शकतं. पण दुसऱ्या क्रमांकाचा पुरवठादार तयार नसेल, तर शिक्षेतला आपला वाटा आपणच भरतो. निवडीत हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो: हा उद्या गेला तर कोण? एल-टूचं नाव फाईलमध्ये असतं, पण त्याच्याकडे माल तयार असतोच असं नाही.

छोट्यांसाठी धोरणं आहेत, आणि त्यांचेही आकडे उलटे वाचून पाहावेत. केंद्रीय खाती आणि उपक्रम यांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. एल-वन मोठा उद्योग असेल आणि लघुउद्योगाचा दर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला किमान २५ टक्के माल पुरवायची संधी मिळते. अट एकच, दर एल-वनचा. ११२ रुपये सांगणाऱ्याने १०० ला द्यायचं. म्हणजे १०.७ टक्के कपात. पत्र्याचा भाव, वीज, मजुरी आणि वर १०.७ टक्के सोडून जो उरतो, तो बहुधा आधीच फुगवलेला दर असतो किंवा पुढे पातळ होणारा पत्रा.

उलट्या बाजूने पुरवठादारही खरेदीदाराला गुण देत असतो. कायद्याने लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५. दहा लाखांचं बिल मुदतीनंतर तीन महिने रखडलं तर ५१,४८४ रुपये. हे व्याज मागायला जाणारा पुढच्या इन्क्वायरीच्या यादीत राहील का, हे तो जाणतो आणि मागत नाही. शिवाय हे संरक्षण बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्यक्षेत्राच्या कर्जापुरती. घोडपदेवच्या गाळ्यातल्या फॅब्रिकेटरला ४५ दिवस लागू, त्याला पत्रा देणाऱ्या दारूखान्यातल्या व्यापाऱ्याला नाही. खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याला घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं, हा एकच धाक व्यापाऱ्याच्या बाजूने उरतो.

म्हणून व्यापारी आपला हिशेब दरातच बसवतो. महिन्याला दीड टक्का धरला, तर रोखीचा ६० रुपयांचा पत्रा साठ दिवसांच्या उधारीला ६१.८० होतो आणि एकशेवीस दिवसांना ६३.६०. खरेदी अधिकारी ६३.६० चा आकडा पाहून म्हणतो, हा महाग आहे, दुसरा बघा. आणि मागचं बिल अजून अडकलेलं असेल, तर व्यापारी दर सांगतच नाही. फोनवर एवढंच म्हणतो, "दहा एमेम स्टॉकमध्ये नाही, शेठ."